वाळूतील घरट्यांची राखण (खानदेश)

नदीपात्रातील उघड्या वाळूवर, गोट्यांमध्ये किंवा पाण्याने वेढलेल्या बेटावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी माणूस, गुरे, कुत्री आणि वाहने यांपासून जपण्याचे काम. खानदेशाला समुद्रकिनारा नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतली वाळू आहे ती तापीची आणि तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या नद्यांची. कोकणात कासवांच्या घरट्यांसाठी होते तशी राखण इथे पक्ष्यांसाठी करावी लागते, आणि तिची रीत जवळजवळ उलटी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने २००२ मध्ये कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरते आणि समुद्रात निघून जाते. पुढचे दीड-दोन महिने वाळूची ऊबच अंडी उबवते. म्हणूनच स्वयंसेवकांना ती वेळेवर उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरता येतात. टिटवी, नदी सुरय, छोटा आर्ली, कंठेरी चिखल्या या पक्ष्यांची अंडी मात्र वाळूवर उघडीच असतात आणि नर-मादी ती आळीपाळीने उबवतात. अंडी हलवली, तर पक्षी ती सोडून देण्याचीच शक्यता जास्त. कोकणातली रीत इथे जशीच्या तशी आणली तर चांगल्या हेतूनेच घरटे मोडेल.

विणीचा हंगाम साधारण मार्च ते जून, म्हणजे नेमका भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाचा. एरवी अंड्यांना ऊब द्यायची असते. इथे दुपारी सावली द्यावी लागते. टिटवी पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. घरट्याजवळ माणूस रेंगाळला की ती उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात. मोबाइलवर जवळून फोटो काढणाराही अशा वेळी घातकच ठरतो. राखणदाराने लांबूनच दुर्बिणीने पाहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना, गुराख्यांना वाट बदलायला सांगावे. घरट्याशी दगड रचून खूण करू नये, कारण अंड्यांचा वाळूशी मिसळणारा रंग हाच त्यांचा पहिला बचाव असतो आणि कावळे, कुत्री माणसाच्या वावरावर लक्ष ठेवून असतात.

टिटवीला मात्र लोकांचे जुने संरक्षण आहे. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जोरात, सखल जागी घातली तर कमी, आणि चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस, असा शेतकऱ्यांचा आडाखा आहे. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, त्यामुळे पावसाचा अंदाज म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण या समजुतीमुळे कित्येक शेतकरी नांगर बाजूने वळवून घरट्याची जागा सोडतात, हे मोलाचे आहे. नदी सुरयाला अशी कोणतीही लोकश्रद्धा वाचवत नाही. जागतिक पातळीवर त्याची गणना धोक्यातील जातींत होते.

सर्वांत मोठे संकट वाळू उपशाचे. पावसाळ्यात उपशाला बंदी असते, पण घरटी उन्हाळ्यात असतात. गिरणेच्या पात्रात ट्रॅक्टर आणि डंपर उतरतात तेव्हा चाकाखाली काय गेले हे चालकाला कळतही नाही. दुसरे संकट पाण्याचे. पिण्याच्या पाण्यासाठी गिरणा धरणातून उन्हाळ्यात नदीत आवर्तन सुटते, आणि आवश्यक असलेले हेच पाणी सखल बेटांवरची घरटी बुडवते. आवर्तनाच्या तारखा आधी कळल्या तरी अंडी हलवता येत नाहीत. पाणी एकदम न सोडता हळूहळू वाढवले तर निदान चालू लागलेली पिल्ले वर सरकू शकतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला नदीवर गर्दी होते, तीही याच दिवसांत.

तापी-पूर्णा संगमाखालच्या हतनूर जलाशयावर पक्षीमित्र नोंदी ठेवतात. हिवाळी पाहुण्यांचे कौतुक तिथे भरपूर होते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांकडेही तितक्याच निगुतीने पाहायला हवे. पात्रात टरबूज-डांगराचे मळे लावणारी कुटुंबे या काळात रात्रंदिवस वाळूवरच असतात. घरटे कुठे आहे हे त्यांना सर्वांत आधी कळते, त्यामुळे राखणीची सुरुवात त्यांच्याशी बोलूनच करावी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. त्यामुळे तक्रार वनविभागाकडे करता येते. बेकायदा उपशाची तक्रार तहसील कार्यालयाकडे जाते.