३.४७ ही सरासरी येऊच शकत नाही

‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध’ एवढी ओळ जाहिरातीत आली की कुठलंही औषध, कुठलंही यंत्र शास्त्रसिद्ध ठरतं. छापण्याआधी तज्ज्ञांनी सगळं तपासलेलं असणार, हा त्यामागचा समज. तज्ज्ञ तपासतात हे खरं, पण काय तपासतात? संपादक शोधनिबंध साधारण दोन-तीन जणांकडे पाठवतो. ते बहुतेक वेळा विनामोबदला, आपापली कामं सांभाळून तो वाचतात. पद्धत योग्य आहे का, आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष पटतो का, हे पाहतात. ते आकडे खरोखर मोजले होते का, हे ताडायला मूळ नोंदी बहुधा त्यांच्यासमोर नसतातच. ही तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू, लेखकाच्या सचोटीवर विश्वास ठेवूनच चालते.

पण मूळ नोंदी हाती नसतानाही काही चुका पकडता येतात, आणि तेवढ्याला शाळेतला भागाकार पुरतो. निक ब्राऊन आणि जेम्स हीदर्स या संशोधकांनी २०१६ साली मांडलेली ‘ग्रिम’ चाचणी हेच करते.

समजा, २३ जणांना एक प्रश्न विचारला आणि उत्तर १ ते ५ यांपैकी एका पूर्ण अंकात द्यायचं आहे. निबंधात सरासरी छापली आहे ३.४७. आता उलटं चाला. ३.४७ गुणिले २३ म्हणजे ७९.८१. पण पूर्ण अंकांची बेरीज पूर्णच येणार, म्हणजे ७९ किंवा ८०. ७९ भागिले २३ केलं तर ३.४३ येतं, ८० भागिले २३ केलं तर ३.४८. मधलं काहीच शक्य नाही. २३ जण असतील, तर दोन पूर्णांकांमध्ये सरासरीला फक्त २३ पायऱ्या मिळतात. दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिता येण्याजोगे आकडे मात्र १००. म्हणजे कुणी सरासरी मनानेच ठोकून दिली, तर ती अशक्य निघण्याची शक्यता ७७ टक्के! माणसं १०० झाली की पायऱ्याही १०० होतात आणि चाचणी निकामी ठरते. प्रत्येकाच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांची मिळून सरासरी काढली असेल, तर २३ ऐवजी ६९ धरायचे. (तरीही ३.४७ येत नाही; ३.४६ नाहीतर ३.४८.) वजन, तापमान अशा अपूर्णांकात मोजल्या जाणाऱ्या गोष्टींना ही चाचणी लावण्यात अर्थ नाही.

ब्राऊन आणि हीदर्स यांनी मानसशास्त्रातल्या ७१ निबंधांना ही चाचणी लावली. ३६ निबंधांत निदान एक तरी सरासरी जुळेना.

म्हणून ३६ लबाड सापडले म्हणायचं का? अजिबात नाही. चौघांनी तो प्रश्न कोरा सोडला असेल, तर उरतात १९ जण, आणि ६६ भागिले १९ बरोबर ३.४७! लेखकाने तक्त्यात २३ तसेच ठेवले, एवढाच दोष. म्हणून आधी लेखकाकडे मूळ नोंदी मागायच्या. ‘कोप’ ही प्रकाशननीतीवर काम करणारी संस्था १९९७ पासून आहे. तिचा शिरस्ताही तोच: संपादकाने आधी लेखकाचं म्हणणं मागवायचं, ते पटलं नाही तर त्याच्या संस्थेकडे चौकशीसाठी जायचं. किरकोळ चूक असेल तर दुरुस्ती छापायची. चौकशी रेंगाळली किंवा निर्णय लागेना, तर शंका नोंदवणारी सूचना. निष्कर्षच भरवशाचा उरला नसेल तर निबंध मागे. चूक प्रामाणिक असली, तरी निबंध मागे घेतला जाऊ शकतो.

हे सगळं फार सावकाश चालतं. गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमधला निबंध १९९८ चा, तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. मागे घेतलेला निबंध सहसा संकेतस्थळावरून काढत नाहीत, त्यावर तसा शिक्का मारतात. आधीच उतरवून घेतलेल्या पीडीएफवर मात्र तो कुठून येणार? म्हणून संदर्भ देण्यापूर्वी निबंधाचं मूळ पान पुन्हा उघडावं, किंवा झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं मोफत साधन वापरावं. मागे घेतलेला निबंध संग्रहात असला, की ते लाल पट्टी दाखवतं.