सायरन (जलचर सॅलॅमँडर)

सायरन हा अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि मेक्सिकोच्या ईशान्य टोकाला आढळणारा, जन्मभर पाण्यात राहणारा उभयचर प्राणी. त्याच्या कुलात सायरन आणि स्यूडोब्रँकस या दोनच हयात प्रजाती (म्हणजे जातींचे गट) आहेत. फ्लॉरिडा, जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना या राज्यांतल्या दलदली, संथ ओढे, उथळ तळी आणि शेताकडेचे चर येथे त्यांचा वावर असतो. महाराष्ट्रात सॅलॅमँडर, म्हणजे शेपटीवाले उभयचर, नाहीत. सह्याद्रीतले देवगांडूळ बिनपायाचे उभयचर असले तरी ते वेगळ्या गणातले.

लांबट, बुळबुळीत अंगामुळे हा प्राणी प्रथमदर्शनी वाम मासाच वाटतो. पण मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे झुपके बाहेर आलेले असतात आणि त्यांच्या लगेच मागे दोन इवले पाय. सायरनच्या पायाला चार बोटे, स्यूडोब्रँकसच्या पायाला तीन. मागचे पाय नाहीतच, इतकेच काय, ते ज्याला जोडले जावेत ते कमरेचे हाडही नाही. डोळे बारीक, त्यांना पापण्या नाहीत. जबड्याच्या पुढच्या कडेला दातांच्या जागी कठीण, चोचीसारखी धार असते. मोठा सायरन (सायरन लॅसर्टिना) ९० सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो, तर स्यूडोब्रँकस जेमतेम वीतभर. त्याच पाणथळीत राहणाऱ्या अँफियुमा या दुसऱ्या सॅलॅमँडरशी गल्लत होते, पण अँफियुमाला चार चिमुकले पाय असतात आणि प्रौढपणी बाहेरचे कल्ले नसतात.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून १७६६ मध्ये याचे शास्त्रीय वर्णन झाले. एकाच प्राण्याला कल्ले आणि फुप्फुसे दोन्ही असल्याचे पाहून स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्याच्यासाठी स्वतंत्र गणच मांडला. हा कुठल्या तरी प्राण्याचा अर्धवट वाढलेला डिंभ (पिल्लाची अवस्था) असावा, अशी शंकाही पुढे बराच काळ घेतली गेली. ती निराधार होती. सायरन डिंभावस्थेतले कल्ले जन्मभर टिकवतो आणि त्याच रूपात प्रजनन करतो. त्याचे नातलग क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाच्या अखेरीपासून जीवाश्मांत सापडतात. अशा प्राण्याला अपूर्ण म्हणणे अन्यायाचे आहे.

त्याचे खरे सामर्थ्य दिसते ते तळे आटल्यावर. पाणी उतरू लागले की सायरन मऊ चिखलात किंवा चिंगाटीच्या जुन्या बिळात खोल शिरतो. चिखल वाळत जातो तसे त्याच्या कातडीच्या मृत पेशींचे थर अंगावर साचून चर्मपत्रासारखा पातळ कोष तयार होतो. कोषाबाहेर उघडे राहते ते फक्त तोंड. कल्ले आक्रसतात, श्वास फुप्फुसांवर चालतो, शरीरव्यापार अगदी मंदावतो आणि साठवलेल्या चरबीवर तो तग धरतो. अंग जितके मोठे तितकी चरबी जास्त, म्हणून मोठे प्राणी अधिक काळ टिकतात. ही ग्रीष्मनिद्रा अनेक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक चालते. पाऊस पडून तळे भरले की तो बाहेर येतो आणि कल्ले पुन्हा वाढतात. आटणाऱ्या तळ्यात मासे जगत नाहीत. तिथे भक्ष्यासाठी फारशी स्पर्धा उरत नाही, हा या निद्रेचा मोठा लाभ.

तो निशाचर आहे. गोगलगायी, शिंपले, किडे, झिंगे तो तोंडाने ओढून घेतो. शेवाळे आणि पाणवनस्पतीही त्याच्या पोटात सापडतात, आणि आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने त्या पचतात. उभयचरांत ही दुर्मीळ गोष्ट. धाकटा सायरन (मोठ्या सायरनहून लहान जात) जवळ आलेल्या जातभाईला टक्‌टक् असा आवाज काढून प्रतिसाद देतो. पकडला तर किंचाळतो.

स्यूडोब्रँकस जलपर्णीच्या मुळांच्या जाळ्यात मोठ्या संख्येने राहतो. आपल्याकडच्या नद्या गुदमरवणारी ही वनस्पती फ्लॉरिडातही बाहेरूनच आलेली.

बहुतेक सॅलॅमँडरांत फलन मादीच्या शरीरात होते, सायरनमध्ये मात्र ते पाण्यात होते. पाळलेल्या धाकट्या सायरनमध्ये नर अंड्यांची राखण करताना आढळला. हे निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सुसरीच्या गणातले अॅलिगेटर आणि चिखलसाप हे त्याचे शत्रू, पण मोठा धोका पाणथळी बुजवण्याचा. टेक्सास राज्याने आपल्या दक्षिण भागातला सायरन संकटग्रस्तांच्या यादीत घातला आहे. चिखलात दडून राहणाऱ्या या प्राण्याची मोजदाद अवघड असते. अलाबामाच्या दक्षिणेत आणि फ्लॉरिडाच्या वायव्येत राहणारा, ६० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा ठिपकेदार सायरन स्थानिकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता, तरी शास्त्रात त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद झाली ती २०१८ मध्ये.