इनसाइटचे लांबलेले उड्डाण: पार्श्वभूमी

मंगळाच्या पोटात काय आहे याविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे इनसाइट या एकाच जागी चार वर्षे उभ्या राहिलेल्या यानामुळे कळले आहे. त्याआधीचे प्रयत्न थोडक्यात आटोपतात. १९७६ साली उतरलेल्या दोन्ही वायकिंग यानांवर भूकंपमापक होते; एकाचे आवळून ठेवलेले भाग मोकळेच झाले नाहीत, आणि दुसरे यानाच्या माथ्यावर बसवलेले असल्याने जमिनीपेक्षा वाऱ्याचीच नोंद अधिक करत राहिले. १९९६ मध्ये अशीच उपकरणे घेऊन निघालेले रशियन यान पृथ्वीवरच परत कोसळले.

इनसाइटचे उड्डाण मार्च २०१६ मध्ये ठरले होते. डिसेंबर २०१५ मध्ये, उणे ४५ अंश सेल्सिअसला झालेल्या चाचणीत, फ्रान्समध्ये तयार होत असलेल्या भूकंपमापकाच्या धातूच्या गोळ्यात निर्वात टिकेना. गळती अगदी बारीक होती. परंतु त्या गोळ्यातले लोलक अणूच्या आकाराहूनही कमी हालचाल टिपण्यासाठी घडवलेले होते, आणि आत शिरलेल्या हवेचे रेणू लोलकावर आपटू लागले तर ही संवेदनशीलता जाणार होती. मंगळाकडे जाण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी येते, त्यामुळे हुकले तर थेट २०१८. मोहीम गुंडाळावी की आणखी सुमारे १५ कोटी ४० लाख डॉलर घालून थांबावे, हा खरा वाद होता. हाच पैसा रांगेतल्या दुसऱ्या मोहिमांना मिळाला असता, हा आक्षेप कागदावर बिनतोड होता. पण गळके उपकरण पाठवणे म्हणजे वायकिंगचीच पुनरावृत्ती, हे त्या हिशेबात कुठेच दिसत नव्हते. अखेर निर्वात कवच अमेरिकेत नव्याने बनवले गेले.

५ मे २०१८ रोजी उड्डाण झाले आणि २६ नोव्हेंबरला यान एलिसियम प्लॅनिशिया या सपाट प्रदेशात उतरले. यांत्रिक हाताने भूकंपमापक उचलून जमिनीवर ठेवला आणि वाऱ्यापासून बचावासाठी त्यावर घुमटासारखे झाकण घातले. पाच मीटर खोल जाऊन उष्णता मोजण्यासाठी नेलेली ठोकणारी सळई मात्र मातीत पकडच न मिळाल्याने पृष्ठभागाशीच अडकली. तिचा नाद जानेवारी २०२१ मध्ये सोडावा लागला. भूकंपमापकाने डिसेंबर २०२२ मध्ये संपर्क तुटेपर्यंत १,३०० हून अधिक कंप नोंदवले.

त्यांच्या आधारे २०२१ मध्ये द्रवरूप गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर सांगितली गेली. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला अशनी आदळली आणि तिच्या लहरी खोलवरून फिरून यानापर्यंत आल्या. त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा सुमारे १५० किलोमीटर जाडीचा थर असल्याचे दिसले: आधी गाभ्याची कड मानली गेली, ती या थराची वरची बाजू होती.