इन्सुलेशन आणि हीट शील्डची तपासणी: नाशिकच्या कारखान्यांनी अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

सातपूर-अंबडला भट्टी, बॉयलर किंवा ओव्हन असलेल्या छोट्या युनिटवाल्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे "इन्सुलेशनचं सर्टिफिकेट कुठून काढायचं?" तर आधीच सांगतो, असं वेगळं सरकारी सर्टिफिकेट नसतंच. कोणी एजंट पैसे घेऊन तसा कागद आणून देतो म्हणाला तर तो एखाद्या ठेकेदाराच्या लेटरहेडवरचा कागद असणार, फाईलला लावायला ठीक आहे पण त्याच्यावर साहेबांचं समाधान होईल असं समजू नका. इन्सुलेशन आणि उष्णता अडवणाऱ्या शील्डची तपासणी होते ती दुसऱ्या तीन तपासण्यांच्या पोटात. एक बॉयलरची वार्षिक तपासणी, दुसरी प्रेशर व्हेसलची (दाबाखाली हवा किंवा वाफ धरणाऱ्या टाक्यांची) आणि तिसरी कारखान्याची सुरक्षा तपासणी, म्हणजे डिशवाल्यांची (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय). तिन्हीचे तपासणारे वेगळे, अर्ज वेगळे, कागद वेगळे, आणि गोंधळ होतो तो इथेच.

कोणाला काय लागू

डिशचं नाशिकचं ऑफिस सातपूरला उद्योग भवनात आहे. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्यात २० कामगार आणि विजेशिवाय चालणाऱ्यात ४० कामगार झाले की कारखाना म्हणून नोंदणी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या जागी केंद्राची नवीन व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यातही हाच २० आणि ४० चा आकडा आहे, त्यामुळे आपल्याकडे या बाबतीत फारसा फरक पडत नाही. फरक पडू शकतो तो फॉर्मच्या नंबरात. नवीन नियमांची घडी बसेपर्यंत जुन्या नियमांचे फॉर्म चालवून घ्यायची तरतूद आहे, म्हणून मित्राने मागच्या वर्षी कोणता फॉर्म भरला होता ते न विचारता ज्या दिवशी अर्ज करताय त्या दिवशी पोर्टलवर जो फॉर्म दिसतोय तोच भरा.

बॉयलरला मात्र कामगारांचा आकडा लागत नाही. तुमच्याकडे चार माणसं असली तरी २५ लिटरपेक्षा जास्त क्षमतेचा वाफेचा बॉयलर असेल तर बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी आणि दरवर्षीचं प्रमाणपत्र लागतंच, १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा बॉयलर कायदा आला तरी मूळ चौकट तीच आहे. दिंडोरीकडच्या फूड प्रोसेसिंगवाल्यांना हे पाठ आहे, पण एखादी छोटी लॉन्ड्री किंवा मसाले-लोणच्याचं युनिट असेल तर "आमचा बॉयलर छोटाच आहे" म्हणून सोडून देतात. शंभर अंशाच्या आत पाणी तापवणारा हीटर यात येत नाही. थर्मिक फ्लुइड हीटर, म्हणजे पाण्याऐवजी तेल तापवून उष्णता पोचवणारा, तोही बॉयलर कायद्यात येत नाही कारण त्यात वाफ तयारच होत नाही, पण म्हणून तो मोकळा सुटला असं नाही, तो कारखाना सुरक्षेच्या तपासणीत येतो.

बॉयलर: इथे लॅगिंग (बाहेरचं इन्सुलेशनचं आवरण) काढावं लागतं

प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त बारा महिने. मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी ऑनलाइन अर्ज टाका, फी बॉयलरच्या हीटिंग सरफेसवर (तापणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर) ठरते, चलन भरलं की पावती जोडायची. सोबत मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र आणि बॉयलर अटेंडंटच्या सर्टिफिकेटची प्रत ठेवा, वर्षभरात काही रिपेअर झालं असेल तर त्याची परवानगी आणि वेल्डरचे कागदही. रिपेअर न कळवता केलं असेल तर ते लॅगिंगखाली लपत नाही, कारण तपासणीत इन्स्पेक्टर सांगेल तिथलं लॅगिंग उघडून द्यायचं असतं.

कायद्याने मालकाची जबाबदारी अशी आहे की बॉयलर नीट तयार करून तपासणीला द्यायचा. म्हणजे रिकामा, थंड, आतून कोरडा, मॅनहोल आणि सगळे दरवाजे उघडे, दुसऱ्या चालू बॉयलरची वाफ इकडे येणार नाही अशी लाईन तोडलेली किंवा ब्लँक मारलेली (चकती लावून बंद केलेली), आणि सांगितलेल्या जागी विटा आणि लॅगिंग काढलेलं. हायड्रॉलिक टेस्टला (आत दाबाने पाणी भरून करतात ती) जॉइंट डोळ्याला दिसले पाहिजेत, रॉकवूलच्या (दगडी तंतूंच्या इन्सुलेशनच्या) आत पाणी झिरपत राहिलं तर बाहेरून कोणाला कळणार? पुष्कळ जण तपासणीच्या आदल्या रात्री बॉयलर बंद करतात आणि सकाळी ड्रम हात लावू देत नाही, मग तारीख पुढे जाते आणि उत्पादन बंद ते वेगळंच.

स्टीम लाईनचंही तसंच. वाफेचा दाब (दर चौरस सेंटिमीटरला) ३.५ किलोच्या वर असेल, किंवा पाईप २५४ मिलीमीटरपेक्षा मोठा असून दाब एक किलोच्या वर असेल, तर तो पाईपसुद्धा बॉयलर कायद्याखाली येतो. त्यामुळे नवीन लाईन टाकताना आधी ड्रॉइंगला मंजुरी, मग टेस्ट आणि इन्सुलेशन सगळ्यात शेवटी. ठेकेदार घाईत आधी क्लॅडिंग (इन्सुलेशनवरचा पत्रा) मारून मोकळा होतो आणि मग तेच पत्रे पुन्हा उचकटायचे पैसे तुमच्याकडून घेतो.

प्रेशर व्हेसल आणि "कॉम्पिटंट पर्सन"

एअर रिसीव्हर, ऑटोक्लेव्ह, जॅकेटवाली केटल वगैरेंची तपासणी सरकारी अधिकारी करत नाहीत, डिशने मान्यता दिलेला कॉम्पिटंट पर्सन करतो. साधारण चाल अशी की बाहेरून दर सहा महिन्यांनी, आतून दर बारा महिन्यांनी आणि हायड्रॉलिक टेस्ट चार वर्षांनी, रिपोर्ट फॉर्म १३ मध्ये. आता गंमत बघा, बॉयलर कायद्यातही कॉम्पिटंट पर्सन असतो पण त्याची मान्यता वेगळी. एकाचं कार्ड दुसऱ्या कामाला चालत नाही. बोलवायच्या आधी त्याच्या मान्यतेच्या पत्राची प्रत मागा, त्यात कोणत्या कामासाठी मान्यता आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे ते वाचा, आणि रिपोर्टमध्ये "इन्सुलेशन काढून तपासलं" की "इन्सुलेशनसकट बाहेरून पाहिलं" हे स्पष्ट लिहून घ्या. हे एक वाक्य नंतर फार कामाला येतं.

कारखाना तपासणी: खरा मुद्दा कामगाराच्या अंगाला लागणाऱ्या उष्णतेचा

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम १३ बहुतेकांनी फक्त खिडक्या-पंख्यांचं समजून सोडलेलं असतं. त्यात सरळ लिहिलं होतं की कामामुळे फार उष्णता तयार होत असेल तर ती प्रक्रिया कामाच्या जागेपासून वेगळी करायची, किंवा गरम भागांना इन्सुलेशन करायचं, किंवा दुसरा परिणामकारक उपाय करायचा. छताला चुना मारून किंवा इन्सुलेट करून तापमान कमी होण्यासारखं असेल तर तशी लेखी सूचना द्यायचा अधिकारही अधिकाऱ्यांना त्यात दिलेला होता. नवीन संहितेतही हवा आणि तापमानाची जबाबदारी मालकाचीच.

आदर्श कारखाना नियमांत मोजमाप असं की जमिनीपासून दीड मीटरवर ओल्या बल्बचं (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये आणि हवा मिनिटाला निदान ३० मीटर हलती असावी. पण नाशिकचा मे महिना कोरडा. बाहेर चाळीस असलं तरी ओल्या बल्बचा आकडा बहुतेक वेळा तिशीच्या बराच खाली राहतो, म्हणजे कागदावर तुम्ही पास, आणि फोर्जिंगच्या भट्टीसमोर उभा असलेला माणूस मात्र भाजून निघतोय, कारण त्याला लागतेय ती भट्टीच्या तोंडातून येणारी किरणांची उष्णता, आणि ती ओल्या बल्बला फारशी कळत नाही. म्हणून ग्लोब थर्मामीटरने (काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेल्या) पण मोजा. शेडमध्ये डब्ल्यूबीजीटी (उष्णतेच्या ताणाचा एकत्र आकडा) काढायचं सूत्र सोपं आहे, ओल्या बल्बचे ०.७ आणि ग्लोबचे ०.३. माझं मत विचाराल तर या मोजमापांचं एक रजिस्टर नीट ठेवलेलं असलं की बाकी अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. आणि भट्टीसमोर नुसता मोठा पंखा लावून फोटो काढणाऱ्यांनी लक्षात घ्या, किरणांची उष्णता पंख्याने अडत नाही, तिला मध्ये शील्डच लागतं.

शील्ड तपासताना तीन गोष्टी बघायच्या. चकचकीत बाजू भट्टीकडे आहे का आणि तिच्यावर काजळी-तेल बसलंय का, कारण काळं पडलेलं ॲल्युमिनियम उष्णता परतवण्याऐवजी स्वतः तापतं. दुहेरी पत्रा असेल तर मधली हवेची फट मोकळी आहे का. आणि सरकवायचं शील्ड माणसं खरंच सरकवतात का, की ते कोपऱ्यात उभं करून त्याच्यावर डबे टांगलेत.

हात लागू शकेल अशा गरम पृष्ठभागांना ६० अंशांची मर्यादा धरतात, एएसटीएम सी १०५५ या अमेरिकन मानकात औद्योगिक कामात पाच सेकंदांच्या स्पर्शासाठी धातूला साधारण हाच आकडा येतो. जिथे इन्सुलेशन करता येत नाही तिथे निदान जाळीचं गार्ड. इन्सुलेशन लावण्याच्या कामासाठी आपल्याकडे आयएस १४१६४ हे भारतीय मानक आहे, ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये ते नाव आणि जाडी लिहा, नाहीतर ७५ मिलीमीटर ठरवून ५० लागतं आणि क्लॅडिंग चढल्यावर कोण मोजतंय.

थर्मल कॅमेऱ्याचा रिपोर्ट मागवत असाल तर एक धोका. नव्या चकचकीत ॲल्युमिनियम क्लॅडिंगवर कॅमेरा खरं तापमान दाखवतच नाही, खूप कमी दाखवतो, कारण तो पत्रा स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि समोरच्या गार भिंतीचं प्रतिबिंब दाखवतो. जागोजागी काळी टेप चिकटवून तिच्यावर रीडिंग घ्यायचं किंवा कॉन्टॅक्ट प्रोबने पडताळायचं. रिपोर्टमध्ये सगळीकडे ३५-३६ अंश आणि एकही टेपचा उल्लेख नाही असं दिसलं तर तो रिपोर्ट परत पाठवा.

गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यात पाऊस सिन्नरपेक्षा कितीतरी जास्त, तिथे बाहेरच्या लाईनचं क्लॅडिंग मेअखेर बघून घ्यायलाच हवं. पत्र्याचा जोड वरच्या अंगाला उघडा राहिला की पाणी आत, आणि भिजलेलं रॉकवूल म्हणजे ओली गोधडी, ऊब धरायची सोडून पाणी धरून बसते. त्याच्याखाली लोखंड गंजतं, विशेषतः पावणेदोनशे अंशांच्या आतल्या लाईनी आणि ज्या चालू-बंद होतात त्या. त्यापेक्षा गरम लाईनवर पाणी टिकत नाही म्हणून त्या तुलनेने वाचतात.

थर्मिक फ्लुइडवाल्यांसाठी वेगळं: फ्लँज आणि व्हॉल्व्हजवळ तेल गळून रॉकवूलमध्ये मुरलं तर ते एरवीपेक्षा कमी तापमानाला आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून फ्लँज इन्सुलेशनने झाकू नका, नुसतं गार्ड लावा, आणि कुठे काळपट तेलकट डाग दिसला तर तेवढा तुकडा काढून टाकायचा, वरून नवीन पत्रा मारायचा नाही. आणि तो तुकडा लाईन गरम असताना उघडू नका, हवा लागली की भडका उडू शकतो.

फाईलमध्ये काय काय

नोंदणी किंवा लायसन्सची प्रत, मंजूर प्लॅन, गरम पृष्ठभागांची यादी (कुठली भट्टी, कुठली लाईन, चालू तापमान, इन्सुलेशनचं मटेरियल आणि जाडी, शेवटची दुरुस्ती), तापमानाचं रजिस्टर, रॉकवूल-सिरॅमिक फायबरच्या डेटाशीट, फॉर्म १३ चे रिपोर्ट, बॉयलरचं प्रमाणपत्र, हातमोजे-एप्रन दिल्याच्या सह्या, उंचीवरच्या कामाचे परमिट आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी. ठेकेदाराची माणसंही यात धरा, लॅगिंगचं काम बहुतेक तीच करतात आणि त्यांचेच कागद नसतात.

नवीन भट्टी किंवा ओव्हन बसवताय तर प्लॅनचा अर्ज लागतो का? फॅक्टरी कायद्याच्या कलम ६ चं स्पष्टीकरण असं होतं की मशीन बदलणं किंवा वाढवणं म्हणजे कारखान्याचा विस्तार धरत नाहीत, पण कधी, तर आजूबाजूची सुरक्षित मोकळी जागा कमी होत नसेल आणि वाफ, उष्णता, धूळ, धूर यांनी वातावरण बिघडत नसेल तर. भट्टी म्हटलं की उष्णता आलीच. त्यामुळे सुधारित प्लॅन टाकून मंजुरी घेतलेली बरी, आणि उष्णता अडवायची भिंत किंवा पार्टिशन त्याच प्लॅनमध्ये दाखवा, नंतर उभी केली तर रस्ता अडवला म्हणून शेरा पडू शकतो.

जुन्या शेडमधलं, विशेषतः पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं पांढरं-राखाडी लॅगिंग असेल तर ते फोडायच्या आधी नमुना लॅबला पाठवा, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. निघालं तर झाडू मारायचा नाही, ओलं करूनच काढायचं, पिशव्या सील करून धोकादायक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्यायच्या. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्याचे रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. भट्टीतलं जुनं सिरॅमिक फायबरही निष्काळजीपणे ओढू नका, हजार अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं तापून त्यात क्रिस्टोबलाईट (सिलिकाचा घातक प्रकार) तयार होतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते, साधा रुमाल बांधून भागत नाही. हे काम ठेकेदाराला देताना मास्कचा प्रकार वर्क ऑर्डरमध्येच लिहा आणि बिल पास करायच्या आधी कचरा कुठे दिला त्याची पावती मागा.