लिंकवरचा क्लिक आणि सर्व्हरवरचा कोड : पार्श्वभूमी

सांगली-तासगावकडच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजची वेबसाइट करायची आहे असे समजा. बेदाण्याच्या प्रत्येक लॉटसमोर ‘लॉट काढा’ अशी लिंक हवी. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा नुकतीच शिकलेला विद्यार्थी लिंकच्या ऑनक्लिकमध्येच, म्हणजे क्लिक झाल्यावर काय करायचे ते सांगण्याच्या जागी, पीएचपीचे डिलीट फंक्शन लिहितो. पान उघडते आणि कोणी काहीही न दाबता यादीतले सगळे लॉट डेटाबेसमधून उडतात. पीएचपी क्लिकच्या वेळी चालत नाही. सर्व्हर पान तयार करतानाच ती चालवतो आणि जो मजकूर निघेल तो ब्राउझरकडे पाठवतो. क्लिक होईपर्यंत तो प्रोग्रॅम कधीच संपलेला असतो. क्लिकने सर्व्हरवर काही घडवायचे तर ब्राउझरकडून सर्व्हरकडे नवी मागणी, म्हणजे रिक्वेस्टच जावी लागते, आणि ती कोणत्या प्रकारची असावी यावरच सगळे अवलंबून आहे.

सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली मांडलेल्या एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांना, एकच क्रिया ठाऊक होती : गेट. एका ओळीत गेट आणि पानाचा पत्ता; सर्व्हर पान देऊन कनेक्शन तोडायचा. साधी लिंक आजही गेटच पाठवते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संगणन केंद्राच्या सर्व्हरबरोबर सीजीआय, म्हणजे सर्व्हरने दुसरा प्रोग्रॅम चालवून पान बनवण्याची पद्धत, आले. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा भाग प्रोग्रॅमला वाचता येईल अशा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून सर्व्हर प्रोग्रॅम सुरू करी आणि प्रोग्रॅम जे छापेल ते पान म्हणून पाठवी. दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस, त्यामुळे गर्दी वाढली की सर्व्हर दमायचा. पुढे १९९५ मध्ये पीएचपी आणि १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तसेच एएसपी आले. एचटीएमएलच्या मधोमध कोड लिहिता येऊ लागला. सोय मोठीच, पण वरच्या गोंधळाचे मूळही तिथेच : सर्व्हरवर चालणारा आणि ब्राउझरमध्ये चालणारा कोड एकाच फाइलीत शेजारी शेजारी नांदू लागला.

मग लॉट नंबर पत्त्यात घालून थेट डिलीटच्या फाइलीला लिंक द्यायची रीत पडली. काम होत होते, म्हणून सर्रास चालली. वास्तविक एचटीटीपी १.० च्या मे १९९६ च्या दस्तऐवजातच, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेतल्या आरएफसी १९४५ मध्ये, गेट फक्त माहिती आणण्यासाठी वापरावे असा संकेत नोंदवलेला आहे.

एएसपीच्या पुढच्या अवताराने, एएसपी डॉट नेटने, २००२ मध्ये ‘लिंकबटन’ देऊन वेगळी वाट काढली. दिसायला लिंक, पण क्लिक होताच ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट छुप्या फील्डमध्ये बटणाचे नाव भरून फॉर्म पोस्ट करते, म्हणजे गेटऐवजी सर्व्हरला माहिती देणारी ‘पोस्ट’ ही रिक्वेस्ट पाठवते. किंमतही मोजावी लागली : अशी लिंक नव्या टॅबमध्ये उघडत नाही, आणि जावास्क्रिप्ट बंद असेल तर मेलेलीच.

गेटच्या लिंकांचा खरा फटका मे २००५ मध्ये बसला. गूगलचा वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे पुढचे पान झटकन दिसेल. त्यात ‘डिलीट’च्या लिंकाही उघडल्या गेल्या आणि लोकांची माहिती पुसली गेली. लॉगिनने वाचवले नाही, कारण त्याच वापरणाऱ्याची कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण, सोबत जात होती. ‘खात्री आहे ना?’ हा जावास्क्रिप्टचा प्रश्नही आडवा आला नाही, कारण क्लिक झालाच नव्हता. आज हेच काम ऑफिसांतले ईमेल स्कॅनर करतात : मेलमधली लिंक तपासायला उघडतात आणि एकदाच चालणारी मंजुरीची लिंक आधीच खर्ची पडते.

त्यामुळे ‘लॉट काढा’ हे छोट्या पोस्ट फॉर्ममधले बटण असावे. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसने ते हुबेहूब लिंकसारखे दिसते. परक्या साइटने बनवलेला फॉर्म ओळखता यावा म्हणून फॉर्ममध्ये सेशनशी, म्हणजे चालू लॉगिनशी, जोडलेले टोकन (गुप्त संकेत) ठेवावे. काम झाल्यावर सर्व्हरने ‘दुसरे पान गेटने आणा’ असे सांगणारे ३०३ उत्तर देऊन यादीकडे पाठवावे, नाहीतर रिफ्रेश केल्यावर ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवू पाहतो. पान न हलवता करायचे असेल तर जावास्क्रिप्टचे फेच वापरावे, पण तेही पोस्टनेच. क्रोमने २०२० पासून वेगळे काही सांगितले नसेल तर कुकी ‘लॅक्स’, म्हणजे परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर सहसा न जाणारी, धरायला सुरुवात केली, म्हणून निर्धास्त होऊ नये. लॅक्स कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर सहसा जात नाही, पण परक्या लिंकवरच्या क्लिकने येणाऱ्या गेटबरोबर जाते. आणि पोस्टमधला लॉट नंबरही कोणीही बदलू शकतो. तो लॉट लॉगिन केलेल्या खातेदाराचाच आहे का, हे डिलीटच्या क्वेरीतच खातेदाराचा नंबर घालून तपासावे लागते.