हलकं उच्च-मँगनीज पोलाद : सूक्ष्मरचना आणि फेज

लोखंड, मँगनीज, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचं पोलाद. वजनाने मँगनीज साधारण १५ ते ३० टक्के, ॲल्युमिनियम ५ ते १२ आणि कार्बन एक टक्क्याच्या आसपास. ॲल्युमिनियम एक टक्का वाढवलं की घनता सुमारे ०.१ ग्रॅम प्रति घन सेंमी उतरते, त्यामुळे ७.८ ऐवजी ६.५ ते ७.२ मिळते. ताठपणाही (वाकण्याला होणारा विरोध) थोडा घटतो, जाहिरातीत ते येत नाही.

हॅडफील्डच्या १८८२ च्या मँगनीज पोलादाला याचा पूर्वज म्हणतात, ते जरा ताणलेलंच, कारण त्यात ॲल्युमिनियम मुद्दाम घातलेलं नव्हतं. १९५० च्या दशकात क्रोमियम-निकेलच्या स्टेनलेसला स्वस्त पर्याय म्हणून या मिश्रधातूंकडे लक्ष गेलं, वजनाचा मुद्दा नंतरचा.

पोलादात अणूंच्या मांडणीचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांना फेज म्हणतात; ऑस्टेनाइट आणि फेराइट हे त्यातले दोन मुख्य. मँगनीज आणि कार्बन ऑस्टेनाइट टिकवतात, ॲल्युमिनियम फेराइटकडे ओढतं, त्यामुळे प्रमाणाप्रमाणे नुसतं ऑस्टेनाइट किंवा दोन्हींची मिसळ मिळते.

खरा वाद कप्पा कार्बाइडचा, म्हणजे लोखंड, मँगनीज, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्या संयुगाचा. रचना पेरोव्हस्काइट या खनिजासारखी : घनाच्या कोपऱ्यांत ॲल्युमिनियम, पृष्ठांच्या मध्यावर लोखंड-मँगनीज, पोटात कार्बन. पोलाद क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) ५०० ते ६५० अंश सेल्सिअसला एजिंगला, म्हणजे बराच वेळ त्या तापमानाला, ठेवलं की ऑस्टेनाइटच्या दाण्यात (स्फटिकात) नॅनोमीटर मापाचे घनाकार कण ओळीने बसतात. ते कसे जन्मतात? एक मत असं की आधी ऑस्टेनाइट स्पायनोडल पद्धतीने (वेगळं बीज न पडता, आपोआप) कार्बन-श्रीमंत आणि कार्बन-गरीब पट्ट्यांत फुटतं आणि मग श्रीमंत भागात अणूंची शिस्त लागते, एक्सरे चित्रात मुख्य रेषेशेजारी दिसणाऱ्या फिक्या रेषा, म्हणजे साइडबँड, हा या मताचा पुरावा. दुसरं मत म्हणतं शिस्त आधी, आणि कणांच्या ओळी स्फटिकाच्या अणुजाळीतल्या ताणामुळेही लागू शकतात. पारडं पहिल्या मताकडे झुकतं, पण जास्त ॲल्युमिनियमच्या पोलादात क्वेंच केल्याकेल्याच ही शिस्त दिसते, तेव्हा एकच उत्तर सगळीकडे लावू नये. ॲटम प्रोबने (एकेक अणू मोजणाऱ्या उपकरणाने) पाहिलं तर कणांतला कार्बन पुस्तकी सूत्रापेक्षा कमीच भरतो.

दाण्यांच्या सीमेवर वाढलेला जाड कप्पा मात्र घातक, तिथूनच तडा जातो. जास्त मँगनीज आणि लांबलेलं एजिंग असेल तर बीटा-मँगनीज ही फेजही येते, तीही ठिसूळच. निकेल घातलं की बी२ ही ॲल्युमिनियमयुक्त, शिस्तबद्ध मांडणीची फेज येते, २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या संशोधकांनी तिचे बारीक कण ऑस्टेनाइटमध्ये पसरवून ताकद आणि न तुटता ताणलं जाण्याची क्षमता दोन्ही साधल्याचं दाखवलं.