एकच गाडी, दोन चालक: युकी त्सुनोडाचं कोडं

5 एप्रिल 2025, शनिवार. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर, फॉर्म्युला वन शर्यतीत कोण कुठून सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीत, रेड बुल संघाच्या मॅक्स व्हर्स्टॅपेनने 1 मिनिट 26.983 सेकंदांत ट्रॅक पार केला. तोवर तिथे इतक्या वेगाने कुणीच गेलं नव्हतं. त्याच संघाची दुसरी गाडी मात्र पंधराव्या क्रमांकावर अडकली. ती चालवत होता युकी त्सुनोडा, रेड बुलकडून पहिल्यांदाच आणि तेही घरच्या प्रेक्षकांसमोर. बरोबर तीन आठवड्यांपूर्वी मेलबर्नला हाच त्सुनोडा रेड बुलच्या धाकट्या संघाच्या, कागदावर दुबळ्या गाडीतून पात्रता फेरीत पाचवा आला होता. तीन आठवड्यांत कुणी गाडी चालवायला विसरत नाही. मग झालं काय?

त्सुनोडाचा जन्म 11 मे 2000 चा, कानागावा प्रांतातल्या सागामिहाराचा. लहानपणी कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, मग होंडाच्या पाठबळावर सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये शिक्षण, 2018 मध्ये जपानच्या फॉर्म्युला फोरचं विजेतेपद आणि 2019 मध्ये युरोप. 2020 मध्ये तो फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली, कार्लिन संघात आला तेव्हा त्याचा जोडीदार होता आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांच्या गाड्यांचा सांगाडा आणि इंजिन एकसारखं असतं. त्या मोसमात त्सुनोडाने 200 गुण मिळवून तिसरा क्रमांक पटकावला, जेहानला 72 गुण मिळाले. म्हणून जेहानला कमी लेखायची घाई नको. मोसमाच्या शेवटी बहरीनमधल्या साखीरला एके दिवशी त्सुनोडा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी जेहान.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाची गाडी वेगळी, त्यामुळे चालकाची खरी पारख करायला एकच माप उरतं: त्याच गाडीतला जोडीदार. या मापाने त्सुनोडाचा आलेख चढता दिसतो. 2021 मध्ये रेड बुलच्या धाकट्या संघातून बहरीनला पदार्पणातच तो नववा आला, पण वर्षअखेर त्याचे 32 गुण होते आणि जोडीदार पिएर गास्लीचे 110. पहिल्या वर्षी त्याने गाड्याही बऱ्याच ठोकल्या. शेवटी संघाने त्याला इंग्लंडमधून उचलून इटलीत फाएंझाला, कारखान्याजवळ राहायला नेलं. पुढे निक डी व्रीस आणि डॅनिएल रिकार्डो या जोडीदारांना संघाने मोसमाच्या मधेच काढलं. त्सुनोडा टिकला, आणि त्या दोघांपेक्षा वेगवानही ठरला.

त्याची उंची जेमतेम 160 सेंटिमीटर. लोकांना वाटतं, हलका चालक म्हणजे आयता फायदा. एके काळी तो होता. गाडी आणि चालक मिळून किमान वजन भरायचं असल्याने हलक्या चालकाच्या संघाला उरलेलं वजन जड धातूच्या रूपात सोयीच्या जागी, अगदी तळाशी बसवता यायचं. 2019 पासून चालक आणि त्याचं आसन मिळून किमान 80 किलो (2025 मध्ये 82) भरावेच लागतात, आणि कमी पडणारं वजन आसनापाशीच ठेवावं लागतं. तेव्हा हे कोडं वजनाने सुटत नाही.

सुटायचं असेल तर ते वळणात सुटेल. सुझुकाच्या 130आर या वळणाचं नावच त्याच्या मूळ त्रिज्येवरून, 130 मीटरवरून पडलं आहे. 2003 मध्ये त्याचा आकार बदलला, पण गणितापुरती तीच त्रिज्या धरू. ताशी 300 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 83 मीटर. या वेगाचा वर्ग करून त्रिज्येने भागला की गुरुत्वाकर्षणाच्या साधारण साडेपाच पट त्वरण येतं. हेल्मेटसह साडेसहा किलोचं डोकं त्या क्षणी पस्तीसेक किलोच्या जोराने बाहेर खेचलं जातं. टायरचा घर्षणांक दीड धरला, तर नुसत्या टायरच्या पकडीवर हे वळण ताशी 160 किलोमीटरच्या आतच घ्यावं लागेल. बाकीची सगळी पकड हवेची: पंख आणि गाडीच्या तळाखालचे बोगद्यांसारखे हवेचे मार्ग तिला जमिनीवर दाबतात, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता हा दाब पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटायचा, हा प्रश्न. मागे जास्त ठेवला तर गाडी आज्ञाधारक राहते, पण वळायला आळस करते. पुढे जास्त ठेवला तर नाक झटकन आत शिरतं, मात्र मागची चाकं कधीही सुटू शकतात. 2025 ची रेड बुल दुसऱ्या जातीची होती. व्हर्स्टॅपेनला असंच नाक हवं असतं. मागचं टोक जरा सुटलं तरी तो त्याचाच वापर करून गाडी वळवतो. त्याचा जुना जोडीदार अ‍ॅलेक्स अल्बनने या जातीच्या गाडीची तुलना संवेदनशीलता शेवटपर्यंत वाढवलेल्या कॉम्प्युटरच्या माउसशी केली होती. हात हलतो न हलतो तोच बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला.

अभियंत्यांच्या भाषेत ही अस्थिर प्रणाली. मागचं टोक सुटू लागलं की चूक क्षणाक्षणाला वाढत जाते, आणि ती थोपवणारा माणूस हा मुळात उशिरा उत्तर देणारा प्राणी. काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात. ताशी 300 च्या वेगाने तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून चांगला चालक प्रतिक्रियेवर गाडी चालवतच नाही. आसनातून कंबरेला जाणवणारे धक्के, अंतर्कर्णाला कळणारं फिरणं, स्टिअरिंगचा जडपणा यांवरून मेंदू पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतो आणि हात आधीच निघतात. हा अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावातून तयार होतो, आणि तो त्या विशिष्ट गाडीचा असतो. गाडी बदलली की हात जुन्याच गाडीला उत्तर देत राहतात.

सराव करायचा कुठे, हीच अडचण. मोसम चालू असताना चाचण्यांवर कडक बंधनं असतात. शर्यतीच्या आठवड्यात फार तर तीन तासांचा सराव मिळतो, बाकी भिस्त सिम्युलेटरवर. आणि सिम्युलेटर कंबरेशी खोटं बोलतो: साडेपाच पटींचं सततचं त्वरण तो देऊच शकत नाही.

मे महिन्यात इटलीतल्या इमोलाच्या पात्रता फेरीत हे उघड दिसलं. वळणाच्या आतल्या कडेवर त्सुनोडा गरजेपेक्षा जास्त चढला, मागचं टोक गेलं, गाडी आदळून उलटीपालटी झाली. तो चालत बाहेर आला याचं श्रेय मजबूत कॉकपिटला आणि डोक्यावरच्या हेलोला, म्हणजे टायटॅनियमच्या संरक्षक कड्याला. दुसऱ्या दिवशी पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुरुवात करून त्याने दहावा क्रमांक मिळवला, ही जिद्द खरी. पण त्यानंतर सुटे भाग कमी पडले आणि काही शर्यतींत तो व्हर्स्टॅपेनपेक्षा जुन्या धाटणीचा तळ बसवलेली गाडी चालवत होता. बेल्जियममधल्या स्पाला नवा तळ मिळाला आणि पात्रता फेरीत तो सातवा आला. म्हणजे ‘त्याच गाडीतला जोडीदार’ हे मापही पूर्ण सरळ नव्हतं.

वर्षअखेर व्हर्स्टॅपेन 421 गुणांवर, त्सुनोडा 33 वर. सर्वोत्तम निकाल बाकूचा सहावा क्रमांक. हा फरक फक्त गाडीचा असं मी म्हणणार नाही. व्हर्स्टॅपेन त्याच्यापेक्षा वेगवान आहेच. पण गास्ली, अल्बन, पेरेझ, लॉसन आणि त्सुनोडा असे पाच जण व्हर्स्टॅपेनच्या शेजारच्या एकाच खुर्चीत चाचपडतात, तेव्हा मला पाच चालकांवर शंका घेण्याआधी खुर्चीवर घ्यावीशी वाटते. गास्ली आणि अल्बन तिथून बाहेर पडल्यावर दुसऱ्या संघांत उत्तम खेळले, हे विसरता येत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये रेड बुलने ती जागा इसाक हजार या चालकाला दिली आणि त्सुनोडाला राखीव चालक केलं. त्याला घडवणारी होंडाही 2026 पासून अ‍ॅस्टन मार्टिनकडे गेली. त्याच वर्षीपासून नियमही बदलले: गाड्यांचं किमान वजन 800 वरून 768 किलोवर आलं, तळाखालचे मोठे बोगदे गेले आणि ताकदीचा जवळजवळ निम्मा वाटा विजेकडे गेला. इसाक हजारचे आकडे आता त्सुनोडाच्या आकड्यांशेजारी ठेवले जातील, पण ते वेगळ्याच गाडीचे असतील.